चालवणाऱ्याची चूक

मशीन न्यायला टेम्पो अकराला येणार होता, म्हणून थोरला साडेनऊलाच येऊन बसला. रविवार असूनही शर्ट पँटमध्ये खोचलेला, काखेत निळी फाईल. पाठोपाठ ताई आली, औषधाच्या दुकानात बदली माणूस बसवून. धाकटा कामासाठी परगावी होता. त्याने आपलं मत फोनवरच थोरल्याच्या हवाली करून टाकलं होतं, जसं तो लहानपणापासून करत आला होता. त्याची बायको, म्हणजे धाकटी सून, याच घरात राहत होती, पण तिचं मत विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आईचं मत विचारायचं तर कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आई शिवणाच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसली होती. आत जायचं असेल त्याने तिला ओलांडून जावं, अशी. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला पट्टी होती. तिच्या मागे टेबलावर मशीन होतं, काळं, उजव्या बाजूची सोनेरी वेलबुट्टी हात लागून लागून पुसलेली. बाजूला दवाखान्याच्या नर्सेसचे बारा कोट बेतून ठेवले होते. सहा शिवून झाले होते, सहांचे नुसते तुकडे होते.

"आई, आपण शांतपणे बोलू," थोरला म्हणाला.

"मी शांतच आहे. फाईल तू आणलीस. आईकडे येताना लोक फळं आणतात."

थोरला हसला नाही. तो एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. कुणाला काही लागलं, भाजलं, चेमटलं की कागद त्याच्याकडे यायचा. अठरा वर्षांत त्याची सवय अशी झाली होती, की घरात कप फुटला तरी तो आधी वेळ विचारायचा.

त्याने फाईल उघडली. "मंगळवारी दुपारी सुई बोटातून गेली. त्याआधी तीन आठवडे तुझी तक्रार, की मशीन मध्येच थांबतं, मध्येच पळतं. मिस्त्री दोनदा येऊन गेला. मोटरचे कार्बन बदलले, पट्टा बदलला, तेल घातलं. त्याने चालवून पाहिलं, मी चालवून पाहिलं. मशीन नीट चालतं. म्हणजे यंत्रात दोष नाही."

"मग कुणात आहे?"

"आई, असं कशाला बोलतेस? आम्ही त्याला म्हणतो चालवणाऱ्याची चूक. त्यात कमीपणा काही नसतो."

सख्ख्या आईला 'चालवणारा' म्हणताना त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. ज्या मशीनवर तिने या तिघांचे शाळेचे गणवेश शिवले, थोरल्याच्या पहिल्या मुलाखतीची पँट शिवली, त्या मशीनची ती आता नुसती चालवणारी झाली होती, आणि तीही चुकणारी.

"माझा पाय पेडलवर नव्हता," आई म्हणाली. "दहादा सांगितलं. मी दोन्ही हातांनी कापड फिरवत होते. पाय वर होता. मशीन आपल्या आपण सुटलं."

"पेडल दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही, आई. बाबांनीच शिकवलंय आपल्याला."

"बाबांनी शिकवलंय! बाबा असते तर त्यांनी आधी मशीन उघडलं असतं. तू माझं वय उघडून बसलास."

ताईने घसा खाकरला. तिला या भांडणात पडायचं नव्हतं, पण तिला आणलंच त्यासाठी होतं. "आई, तूच मला म्हणाली होतीस ना, पायाला मुंग्या येतात म्हणून? अशा वेळी पाय दाबला गेलाय की नाही, हे माणसाला कळत नाही. दुकानात येतात गं अशी माणसं. त्यांना शपथेवर वाटत असतं..."

आईने तिच्याकडे पाहिलं. ताईचं वाक्य तिथेच संपलं.

मुंग्यांची गोष्ट आईने तिला महिन्यापूर्वी सांगितली होती, दुकानाच्या काउंटरवर, गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकता टाकता. "कुणाला बोलू नकोस," असंही म्हणाली होती. ताईने ती गोष्ट दुसऱ्याच दिवशी थोरल्याला सांगितली. काळजीपोटीच सांगितली, हे खरं. पण काळजी थोरल्याच्या फाईलमध्ये गेली की तिचा पुरावा होतो, हे तिला आता कळत होतं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"वसतिगृहाच्या मुलींना शिकायला मशीन हवंच होतं," थोरला म्हणाला. "चांगल्या ठिकाणी जातंय. आणि दवाखान्यातल्या मेट्रनबाईंना मी परवाच फोन केलाय, की यापुढे आई काम घेणार नाही. उरलेले कोट त्या दुसरीकडून..."

"काय केलंस?"

आई उठून उभी राहिली. खुर्ची मागे दारावर आपटली.

"माझ्या गिऱ्हाइकाला तू फोन केलास? मला न विचारता? बावीस वर्षं त्या बाईचं काम करते मी. बावीस वर्षांत एक बाही उसवून परत आली नाही. आणि तू तिला सांगितलंस काय? आईचे हातपाय चालत नाहीत?"

"तसं नाही म्हणालो. म्हणालो, वयोमानानुसार..."

"वयोमानानुसार! अरे, मला फाशी द्यायची होती तर निदान फाशीच्या वेळेला बोलवायचं तरी!"

थोरल्याने फाईल मिटली आणि खाली बघत काहीतरी पुटपुटला. बहुधा ते कुणी ऐकावं असं त्याला वाटत नव्हतं. पण चाळीस वर्षं टाक्यांचा आवाज ऐकून चूक ओळखणाऱ्या बाईचे कान होते ते.

"पुन्हा बोल," आई म्हणाली.

"काही नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं. असंच म्हणालास ना? मला?"

धाकटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे खाली ठेवावा की धरून ठेवावा, हे तिला कळेना. संताप तिलाही आला होता, पण तिच्या संतापाला शरमेची कड होती. मंगळवारी आईची किंकाळी ऐकून धावत जाणारी तीच होती. बोट सुईखालून सोडवणारीही तीच. आणि त्या रात्री नवऱ्याला फोनवर "आई थकल्यात रे आता" असं म्हणणारीही तीच होती. या फाईलमधला एक कागद आपलाही आहे, असं तिला वाटत होतं.

पण गेले चार दिवस तिच्या डोक्यात एक गोष्ट ठसठसत होती. मिस्त्री आला तेव्हा त्याने काय केलं? पेडल उचललं, वायर मोकळी करून सरळ पसरली, पेडल मध्यभागी ठेवलं आणि मशीन चालवलं. थोरल्या दादांनी काय केलं? तेच. बाबांचा या घरात नियमच होता. आधी वायर सरळ, मग काम. आणि काम संपलं की वायर पेडलभोवती घट्ट गुंडाळायची, टोक आत खोचायचं. या घरात येऊन तिला अकरा वर्षं झाली होती आणि हा नियम तिला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळला होता.

रोज ती खोली झाडत असे. मशीनखाली फरशीवर पेडलच्या रबरी बुडाचे काळे ठसे होते. जुने ठसे मध्यभागी, झिजून फिकट झालेले. पण नवे काळेभोर ठसे पार डावीकडे होते, टेबलाच्या पायाला लागून.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही पेडल कुठे ठेवता ते दादांना दाखवा ना."

"तू मध्ये कशाला बोलतेस?" थोरला म्हणाला.

"घरात राहते म्हणून," धाकटी म्हणाली. ट्रे तिने बाहेरच्या टेबलावर ठेवला, तो अगदी न सांडता.

आईने तिच्याकडे रोखून पाहिलं. पोरीला माहीत आहे, हे त्या एका नजरेत आईला कळलं. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते सहा महिने मशीन बंद. आई म्हणाली बरं. आणि सहा आठवड्यांनी तिने पेडल डावीकडे ओढून डाव्या पायाने शिवायला सुरुवात केली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हा टेम्पो वर्षभर आधीच दारात आला असता. आता खरं सांगायचं तर थोरल्याच्या हातात आणखी एक कोलीत द्यायचं होतं. मुंग्या होत्याच, वर गुडघा. आणि नाही सांगायचं तर अकरा वाजायला पंचवीस मिनिटं उरली होती.

"मी उजव्या पायाने शिवत नाही," आई म्हणाली. "वर्ष झालं. गुडघा दुमडत नाही मला. घाल तेही तुझ्या फाईलमध्ये."

थोरल्याने ताईकडे पाहिलं. बघ, मी म्हणत नव्हतो का, असं ते पाहणं होतं. पण ताईने या वेळी त्याच्या नजरेला नजर दिली नाही.

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "डाव्या पायाची सवय नाही, म्हणून..."

"मिटला नाही. ये इकडे. बस."

"मी?"

"तू. चालवणारा बदलून बघायला नको? तुझ्या कारखान्यात बदलत नसाल, माझ्या घरात बदलतात."

ताई पटकन म्हणाली, "बस ना दादा. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे." या सकाळी तिने आईच्या बाजूने बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि ते बोलल्यावर तिला मोकळा श्वास घेता आला.

थोरला आत जाऊन स्टुलावर बसला. वाकून त्याने सवयीने वायर सरळ पसरायला घेतली.

"नाही," आई म्हणाली. "मी बसते तसा बस. पेडल डावीकडे. आणखी डावीकडे. टेबलाच्या पायाला टेकव. वायर वळू दे, वळतेच ती. आता डावा पाय."

बाहीचा एक वाया गेलेला तुकडा आईने सुईखाली सरकवला. थोरल्याने पेडल दाबलं. मशीन चालू लागलं, एकसारखं, गोड. चार बोटं टीप पडली, सहा बोटं पडली.

"चालतंय," थोरला म्हणाला. "मी काय म्हणत होतो..."

मशीन थांबलं.

त्याने पेडल दाबलं. आणखी दाबलं. काही नाही. "लाईट गेली का?"

"दिवा चालू आहे मशीनचा," धाकटी म्हणाली.

"मग टाच नीट..." त्याने पाय उचलला आणि वैतागून पेडल चवड्याने टेबलाच्या पायाकडे ढकललं.

मशीन सुटलं. कापड त्याच्या हातातून हिसकलं गेलं, सुई कडेवरून, घडीवरून, पट्टीवरून धडधडत गेली. थोरल्याने दोन्ही हात छातीशी ओढून घेतले. टेबल हादरत होतं, कात्री सरकत सरकत कडेला आली. आणि त्याचा डावा पाय जमिनीपासून वीतभर वर, हवेत होता. तो त्या पायाकडे बघत राहिला. पाय कुणा दुसऱ्याचा असावा तसा.

ताईने धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

चहावर साय धरली होती. कुणाला हसू आलं नाही, आईलासुद्धा नाही.

"पाय कुठे होता तुझा?" तिने विचारलं.

थोरला अजून आपल्या पायाकडेच बघत होता.

"मी विचारतेय. वेळ दहा त्रेचाळीस. पाय कुठे होता?"

"वर होता," थोरला म्हणाला.

त्याने प्लग काढला, धाकटीने सुरी आणि पेचकस आणून दिला. बाबांचा मुलगा होता तो. एकदा उघडायचं म्हटलं की हात चुकत नसत. वायर जिथे पेडलमध्ये शिरते तिथलं काळं रबर त्याने उभं कापलं. आतल्या दोन्ही तारांचं कव्हर तडकून गळून पडलं होतं. एका तारेच्या निम्म्या काड्या तुटल्या होत्या. वायर एकीकडे वाकवली की तुटकी टोकं लांब व्हायची आणि मशीन बंद पडायचं. दुसरीकडे दाबली की दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटायच्या, आणि मग पेडल असून नसल्यासारखं. सरळ ठेवली की सगळं ठीक.

बरोबर त्याच जागी वायरीला कायमचा बाक आला होता. गुंडाळीचा पहिला वेढा तिथूनच सुरू व्हायचा.

थोरल्याने तो बाक अंगठ्याने चाचपून पाहिला. लहानपणी तिघांच्या पाळ्या असत वायर गुंडाळायच्या. ताईची सैल सुटायची, धाकट्याची लोंबायची. बाबा पेडल हातात घेऊन म्हणायचे, बघा, थोरल्यासारखी वायर कुणाला गुंडाळता येत नाही. त्यासाठी तो दात ओठ खाऊन वायर ओढायचा. आईकडे आला की अजूनही जाता जाता गुंडाळून द्यायचा, आईची गुंडाळी सोडून पुन्हा घट्ट.

"इथेच ओढायचो मी," तो हळूच म्हणाला.

"मीही ओढत होते," आई म्हणाली. "रोज. तुझ्यासारखीच घट्ट. त्यांनी सांगितलं म्हणून. त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही." ती जरा थांबली. "पण अंगण वाकडं होतं. ऐकलंस? अंगणच वाकडं होतं."

दारावरची घंटा वाजली. टेम्पोवाला पाच मिनिटं आधीच आला होता. थोरला उठायला लागला, पण आई त्याच्या आधी दारात पोचली, गुडघा ओढत.

"मशीन कुठंय, आजी?"

"जागेवर आहे. फेरी फुकट गेली तुमची. पाणी प्या, चहा घ्या. तुम्हाला बोलावणाऱ्याची चूक झाली."

टेम्पोवाला दोन घोट चहा पिऊन गेला. तेवढ्या वेळात थोरल्याने वायरीचा खराब तुकडा कापून टाकला, चांगली टोकं सोलून पेडलमध्ये पुन्हा बसवली, तोंडाशी चिकटपट्टीचे चार वेढे दिले. ताईने न सांगता जाऊन मेट्रनबाईंचा नंबर लावला आणि फोन थोरल्याच्या हातात दिला. तो फोनवर म्हणाला, "मशीनमध्ये थोडा दोष होता, म्हणून गैरसमज..." आईने नुसती नकारार्थी मान हलवली. तो थांबला आणि म्हणाला, "नाही, माझी चूक झाली. आई काम करतेय. कोट होतील." पलीकडून मेट्रनबाई जे बोलल्या ते सगळ्यांना ऐकू आलं. बाई जोरात बोलायच्या. त्यांनी दुसरीकडे काम दिलंच नव्हतं.

आई मशीनवर बसली. पेडल डावीकडे ओढलं आणि सातव्या कोटाची बाही शिवायला घेतली. पट्टीचं बोट वर धरून, तीन बोटांनी कापड सारत. मशीन तिने म्हटलं तेव्हा चाललं, म्हटलं तेव्हा थांबलं. बाही पुरी होईपर्यंत कुणी हललं नाही.

थोरला खुर्चीवर बसला होता, मांडीवर फाईल. "आई, चुकलं माझं," तो म्हणाला. "मी तुझं ऐकायला हवं होतं."

आईने दात लावून धागा तोडला. राग तिच्या चेहऱ्यावरून गेला नव्हता. उलट आता तो कुठेतरी नेमका जाऊन बसल्यासारखा वाटत होता.

"पाठीमागच्या गल्लीत तो पत्रे कापायच्या प्रेसवर काम करणारा राहतो," ती म्हणाली. "तुमच्याच कारखान्यातला. गेल्या वर्षी ज्याची तीन बोटं गेली. त्याची बायको पडदे शिवायला टाकते माझ्याकडे. त्याचा कागद तूच लिहिला होतास ना?"

थोरल्याने मान वर केली.

"तो काय म्हणाला होता?"

"आई, ते मशीन वेगळं असतं. मोठी प्रेस असते ती."

"पायाने चालते ना?"

"हो."

"मग काय म्हणाला होता तो?"

ताईने धाकटीकडे पाहिलं, धाकटीने खाली.

"म्हणाला होता, पाय पेडलवर नव्हता."

"आणि तू काय लिहिलंस?"

काय लिहिलं ते या खोलीत सकाळी सगळ्यांनी ऐकलं होतं.

"नोकरी गेली त्याची," आई म्हणाली. "मशीन तपासलं होतंस?"

"तपासलं होतं. स्वतः चालवून पाहिलं होतं. नीट चालत होतं."

"त्याच्यासारखं बसून?"

थोरला उठला. मशीनखाली वायर मोकळी पडली होती. तो सवयीने वाकला, वायरीचा पहिला वेढा हातात घेतला, आणि तसाच थांबला. मग त्याने ती फरशीवर सरळ ठेवून दिली. कापलेला तुकडा टेबलावर होता, बाकासकट. आईने तो उचलून त्याच्या फाईलवर ठेवला.

"हा घेऊन जा. आधी त्याच्या घरी जा. त्याला बरोबर घे, मशीनशेजारी उभं कर, आणि तो सांगेल तसा बस."

"आज रविवार आहे आई. कारखाना बंद आहे."

"तो घरीच असतो," आई म्हणाली, आणि सातव्या कोटाची दुसरी बाही सुईखाली घेतली. "त्याला रोज रविवार आहे."